वास नाकाला येतो की मेंदूला? गंधाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करोनाच्या पहिल्या दोन लाटांत घराघरांत एकच परीक्षा चालू होती. हिंगाची डबी, कापूर, अत्तराची बाटली, जे हाताशी येईल ते नाकाशी धरायचं आणि विचारायचं, "येतोय का वास?" तोवर या संवेदनेकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. डोळे शाळेतच तपासतात, कानांचीही तपासणी होते, पण वास येतो की नाही हे कुणी विचारत नाही. ही उपेक्षा मला फार खटकते, कारण वास गेला की माणसाचं जेवण, सुरक्षितता आणि मन, तिन्ही बिघडतात. या विषयावर बोलताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

वास येतो म्हणजे नाकात नेमकं काय शिरतं?

त्या पदार्थाचे रेणू. फुलाचा वास आला म्हणजे फुलातून सुटलेले रेणू नाकात गेले, आणि गटाराचा वास आला म्हणजे गटारातले गेले. ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे. हवेत उडून जाऊ शकतील असे हलके रेणू ज्या पदार्थातून सुटतात त्यालाच वास येतो. मीठ किंवा साखर हुंगून काही कळत नाही ते म्हणून. उष्णतेनं हे रेणू जास्त सुटतात, त्यामुळे गार तेलातला हिंग गप्प असतो आणि तापलेल्या तेलात पडला की शेजारच्या घरापर्यंत पोचतो. आपण ज्याला 'एक वास' म्हणतो तो बहुधा अनेक रेणूंचा मेळ असतो. भाजलेल्या कॉफीत असे आठशेहून अधिक उडनशील रेणू सापडले आहेत.

वास ओळखणारी जागा नाकात कुठे असते?

आपण समजतो त्यापेक्षा बरीच वर. नाकपुड्या नुसता हवा आत घेण्याचा मार्ग. खरी जागा नाकाच्या पोकळीच्या अगदी छताला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येईल इतक्या उंचीवर. तिथे काही चौरस सेंटिमीटरांचा ओलसर पडदा असतो आणि त्यात लाखो चेतापेशी. साध्या श्वासातली थोडीच हवा तिथवर जाते, म्हणून वास नीट घ्यायचा असला की आपण हुंगतो.

या पेशींची गोष्ट वेगळीच आहे. शरीरातल्या बाकी चेतापेशी कवटीत, मणक्यात, कातडीखाली सुरक्षित असतात. वासाच्या पेशींची टोकं मात्र थेट बाहेरच्या हवेत, फक्त शेंबडाच्या पातळ थराखाली उघडी असतात. धूळ, धूर, विषाणू, सगळं त्यांच्यावर येऊन आदळतं. त्या मरतात, आणि त्यांच्या खालच्या मूळ पेशींपासून नव्या तयार होतात, आयुष्यभर. चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत असं आपण शाळेत शिकलो, त्याला हा अपवाद आहे. गेलेला वास परत येण्याची आशा असते ती याच कारणानं.

या प्रत्येक पेशीचा एक बारीक तंतू वर जातो. नाकाचं छत आणि मेंदूचा तळ यांच्यामध्ये बारीक छिद्रांचं पातळ हाड असतं. त्या छिद्रांतून हे तंतू मेंदूत शिरतात.

जगात इतके वास आहेत, मग नाकात प्रत्येकासाठी वेगळी पेशी असते का?

नाही, आणि हे कोडं सुटायला १९९१ साल उजाडावं लागलं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवर काम करून वासाच्या ग्राहींची, म्हणजे पेशीवर बसून रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुकं शोधून काढली. सुमारे एक हजार! एका ज्ञानेंद्रियासाठी इतकी जनुकं असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. २००४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. माणसात यांतली साधारण ४०० कामाची उरली आहेत. रंग पाहायला आपल्याला तीनच प्रकारच्या पेशी पुरतात, हे लक्षात घेतलं तर ४०० हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

एका पेशीवर एकाच प्रकारचा ग्राही असतो. पण एक रेणू अनेक प्रकारच्या ग्राहींना, कुणाला जोरात तर कुणाला हलकंच, जागं करतो, आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. त्यामुळे वासाची ओळख ठरते ती कोणकोणते ग्राही एकत्र जागे झाले यावरून. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके तेच असतात, कोणते जोडले त्यावर कमळ की कासव ते ठरतं, तसं हे आहे. ४०० ठिपक्यांतून किती नक्ष्या निघतील याचा हिशेब मांडायला बसलं तर कागद पुरणार नाही.

मात्रा बदलली तरी नक्षी बदलते. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा रेणू असतो. तोच विष्ठेतही असतो. फुलातल्या मंद प्रमाणात तो वासाला भरीवपणा देतो, एकटा आणि गडद असला तर नाक मुरडायला लावतो.

मग ही नक्षी मेंदू वाचतो कशी?

पहिला मुक्काम घ्राणकंद. नाकाच्या छतावरच्या हाडाला लागून, मेंदूच्या खाली दोन छोटे कंद असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच प्रकारचा ग्राही असलेल्या पेशी नाकात विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू कंदात येऊन ठरावीक गुच्छांत एकत्र होतात. माणसात असे काही हजार गुच्छ असतात. हजारो पेशींचा अस्फुट संदेश एका जागी जमला की तो ठळक होतो. शिवाय कंदातल्या काही पेशींचं कामच शेजारच्या गुच्छांना दाबण्याचं असतं, म्हणजे जवळजवळच्या दोन वासांतला फरक उठून दिसतो. लिंबू आणि ईडलिंबू वेगळे कळतात त्यात या दाबादाबीचा मोठा वाटा आहे.

इथून संदेश निघतो आणि एक आडवळणाची गोष्ट घडते. पाहणं, ऐकणं, स्पर्श, चव, या सगळ्यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या भागात जातात आणि तिथून मेंदूच्या वरच्या थरात. वास मात्र कंदातून थेट पुढच्या भागांत जातो. थॅलॅमसशी त्याचा संबंध येतो तो नंतर. आणखी एक वेगळेपण असं की डाव्या नाकपुडीचा संदेश बराचसा मेंदूच्या डाव्याच बाजूला जातो. डोळ्यांच्या आणि हातापायांच्या बाबतीत जी डावी-उजवी अदलाबदल होते, ती इथे जवळपास नाही.

दुसरा मोठा मुक्काम म्हणजे मेंदूच्या खालच्या बाजूचा पिरिफॉर्म नावाचा पट्टा. माझ्या मते सगळ्यात विलक्षण भाग हाच. कंदात जी शिस्त होती, ठरावीक ग्राहीला ठरावीक जागा, ती इथे दिसत नाही. एका वासाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी पट्टाभर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक पेशी अनेक गुच्छांकडून ऐकते. या पसाऱ्यातूनच अनेक रेणूंचा मिळून 'एक' वास तयार होतो. आठशे रेणू वेगवेगळे न कळता आपल्याला 'कॉफी' कळते ती इथे. मिश्रणातले घटक सुटे करून सांगायला लोकांना लावलं, तर तीन-चारांच्या पुढे जाता येत नाही, आणि वासाच्या धंद्यात मुरलेल्यांचीही गत फार वेगळी नसते, असं प्रयोगांत दिसलं आहे. गोडा मसाला करणाऱ्या आजी डबा उघडताच "दगडफूल कमी पडलंय" म्हणतात, ते त्यांनी प्रत्येक जिन्नस मोजलेला असतो म्हणून नव्हे. पक्का बसलेला पूर्ण वास त्यांच्या मेंदूत असतो आणि समोरचा त्याच्याशी जुळत नाही.

पिरिफॉर्मशिवाय कंदाचे तंतू भावनांशी निगडित अमिग्डालाकडे आणि स्मृतीच्या हिप्पोकॅम्पसच्या दाराशीही जातात. शेवटी डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे असलेल्या भागात वास, चव, तोंडातला स्पर्श आणि समोरचं दृश्य एकत्र येतं. छान की घाण, भूक असताना हवंसं आणि पोट भरल्यावर नकोसं, हा निवाडा तिथला.

एक सावधगिरीची सूचना. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१९ साली अशा काही स्त्रियांची नोंद केली, ज्यांच्या मेंदूच्या चित्रात घ्राणकंद दिसतच नव्हते आणि तरीही त्यांना व्यवस्थित वास येत होता. वर दिलेला नकाशा बहुतेकांना लागू आहे, पण मेंदू अधूनमधून वेगळी वाट काढतो.

भारतात यावर काही काम झालं आहे का?

झालं आहे, आणि ते आपल्या लोकांना फारसं माहीत नाही याचं वाईट वाटतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीवर, म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या त्या चिमुकल्या माशीवर, १९७०च्या दशकात काम सुरू केलं. वास न कळणाऱ्या माश्या वेगळ्या काढून त्यांची जनुकं अभ्यासायची, अशी त्यांची रीत. रॉड्रिग्ज यांनी १९८८ साली दाखवून दिलं की वेगवेगळ्या वासांना माशीच्या मेंदूतले वेगवेगळे गुच्छ प्रतिसाद देतात. बक आणि ॲक्सेल यांच्या शोधाच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आज पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा उंदीर वास कसे शिकतात आणि लक्षात ठेवतात यावर काम करते.

सर्दी झाली की जेवण बेचव का लागतं?

कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराच भाग वासाचा असतो. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यात लागते तशी चव) एवढंच सांगते. बाकी सगळं, आंब्याचं आंबेपण, तुपाचा खमंगपणा, घास चावताना घशाच्या मागून वर नाकात चढणारे रेणू सांगतात. म्हणजे वास दोन वाटांनी येतो, पुढून हुंगताना आणि मागून जेवताना. सर्दीत मागची वाट बंद होते.

घरी करून बघा. लिमलेटची गोळी घ्या, मुलांना डोळे मिटायला सांगा, नाक चिमटीत घट्ट धरायला लावा आणि मग गोळी तोंडात द्या. अर्धा मिनिट चघळू द्या. "काय लागतंय?" विचारलं तर गोड, थोडं आंबट, एवढंच उत्तर येतं. संत्र्याची की लिंबाची, कळत नाही. आता नाक सोडायला सांगा. बाहेर सोडलेल्या पहिल्याच श्वासाबरोबर अख्खं संत्रं तोंडात उमटतं, आणि मुलं हटकून सांगतात की ते जिभेवर लागलं. जिभेवर काहीच बदललेलं नसतं. वास मागून आला तर मेंदू तो तोंडाच्या खात्यात टाकतो, म्हणून सर्दी झालेला माणूस नाकाबद्दल न बोलता "तोंडाला चव नाही" असं म्हणतो.

वासानं एकदम जुनं काहीतरी का आठवतं?

वासाची वाट भावना आणि स्मृतीच्या भागांजवळून जाते हे वर आलंच. पण नुसत्या जवळिकीनं सगळं उलगडतं असं मला वाटत नाही. लोकांना शब्द देऊन आठवणी विचारल्या तर त्या बहुधा दहा ते तीस या वयातल्या निघतात. तेच वास देऊन विचारल्या तर पहिल्या दहा वर्षांतल्या जास्त येतात. एखादा वास पहिल्यांदा जिथे भेटला तिथली गाठ पक्की बसते, आणि पुढे वर्षानुवर्षं तो वास आला नाही तर ती गाठ तशीच राहते. शाळेतल्या नव्या पुस्तकांचा, गोठ्यातल्या कडब्याचा, दिवाळीच्या पहाटेच्या उटण्याचा वास असा अचानक परत येतो. मात्र अशी आठवण अधिक अचूक असते असं नाही. ती अधिक भावभरी असते, एवढं प्रयोगांतून दिसतं.

आपल्याच घराचा वास आपल्याला का येत नाही?

सतत येणारा वास मेंदूच्या कामाचा नसतो. काही सेकंदांत नाकातल्या पेशी त्यांच्यात शिरणाऱ्या कॅल्शियममुळे मंदावतात आणि पुढे पिरिफॉर्म त्याच वासाकडे दुर्लक्ष करू लागतो. नवीन काही आलं तर कळावं म्हणून जुनं मिटवलं जातं. गावाहून आठवडाभरानं परत आल्यावर दार उघडताच कुबट वास येतो आणि पाच मिनिटांत नाहीसा होतो. खरं तर तो तिथेच असतो.

अत्तराच्या दुकानात मध्येमध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात. त्यांचा खास उपयोग होतो असं तपासणीत आढळलेलं नाही. बाहेर जाऊन मोकळ्या हवेत दोन श्वास घेतले तरी तेच साधतं.

सुक्या बोंबलाचा वास एकाला भूक लावतो आणि दुसऱ्याला घरातून पळवतो. असं का?

थोडं जनुकांमुळे, पुष्कळसं सवयीमुळे. आइसलँडमध्ये अकरा हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या २०२०च्या अभ्यासात काहींच्या एका ग्राहीच्या जनुकात बदल आढळला, आणि त्यांना माशाचा वास इतरांइतका वाईट वाटत नव्हता. कोथिंबिरीचंही तसंच. काही लोकांना तिचा वास साबणासारखा येतो, आणि त्याचा संबंध वासाच्याच एका ग्राहीशी जोडला गेला आहे. आपल्याकडे अशी माणसं कमी भेटतात.

पण माझा कल शिकण्याकडे आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००५ साली एकच वास लोकांना दिला. एकदा पाटी दाखवली 'चेडर चीज', एकदा 'अंगाचा वास'. चीज म्हटल्यावर तो बरा वाटला आणि मेंदूतल्या कपाळामागच्या भागातली हालचालही बदलली. रेणू तेच होते. हे शिक्षण जन्माआधीच सुरू होतं. फ्रान्समध्ये गरोदरपणाच्या शेवटी बडीशेपेसारख्या वासाची ॲनिस खाल्लेल्या मातांची बाळं जन्मल्यावर त्या वासाकडे ओढ दाखवत होती. ज्या घरात बोंबील भाजले जातात तिथल्या बाळाला तो वास परका राहत नाही.

कुत्र्यापुढे माणसाचं नाक अगदीच कमजोर, हे खरं ना?

अर्धवट खरं. कुत्रा माग काढण्यात आपल्यापेक्षा फारच वरचढ आहे, वाद नाही. पण माणसाचं नाक टाकाऊ आहे ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांच्या मांडणीतून पसरली. माणसाच्या मोठ्या मेंदूच्या मानाने घ्राणकंद लहान दिसतात, म्हणून तो वासाच्या बाबतीत मागे, असा तर्क होता. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ जॉन मॅकगन यांनी २०१७ साली याचा नीट समाचार घेतला. कॅलिफोर्नियात बर्कली इथे तर लोकांना डोळे आणि कान झाकून, गवतावर रांगत, चॉकलेटच्या वासाच्या दोरीचा माग काढायला लावलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दोन-तृतीयांश लोकांना ते जमलं, आणि सरावानं वेगही वाढला.

माणूस १०,००० वास ओळखतो हा जुना आकडा कुठल्याही भक्कम प्रयोगावर उभा नाही. २०१४ साली एक लाख कोटी हा आकडा गाजला, पण पुढच्याच वर्षी त्यामागच्या गणितावर गंभीर आक्षेप आले. म्हणून कुणी ठाम आकडा सांगितला तर तो कुठून आला ते विचारा.

पहिल्या पावसाचा वास कशाचा असतो?

मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या रेणूचा त्यात मोठा वाटा असतो. उन्हाळाभर तापलेल्या मातीत आणि दगडांत वनस्पतींची तेलंही साचलेली असतात. थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषारांबरोबर हे रेणू हवेत उडतात. धो धो पावसापेक्षा वळवाच्या हलक्या सरीत वास जास्त येतो तो याचमुळे.

जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचं नाक कमालीचं तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला कळतं. बिटाचा मातकट वास त्याचाच, गोड्या पाण्यातल्या काही माशांना येणारी चिखलाची चवही त्याचीच. ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली या वासावर शास्त्रीय लेख लिहिला, तेव्हा उत्तर प्रदेशातले अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास काढतात याची नोंद त्यांनी आवर्जून केली. कन्नौजला ते अत्तर आजही बनतं.

मिरचीचा ठसका आणि बामचा झणका हेही वासच का?

नाहीत. ते चेहऱ्याच्या स्पर्शाच्या, वेदनेच्या चेतेतून मेंदूत जातात. मिरचीतला कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतो, बाममधला मेंथॉल थंडी ओळखणाऱ्याला. म्हणून वास पूर्ण गेलेल्या माणसालाही फोडणीचा ठसका लागतो आणि बाम झोंबतो. वास तपासताना बाम वापरू नका, फसगत होते.

फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवल्यानं माणूस शुद्धीवर येतो का?

नाही. कृपया हे करू नका आणि कुणी करत असेल तर थांबवा. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि त्याच वेळी नाकाशी चप्पल असली तर श्रेय चपलेला जातं. झटक्याच्या वेळी मेंदूच्या पेशी अनावर होऊन एकसाथ काम करत असतात, बाहेरचा वास त्यांना आवरू शकत नाही. उलट नाकातोंडाशी वस्तू धरल्यानं श्वासाला अडथळा होतो. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, टोकदार वस्तू बाजूला करा, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. झटका ५ मिनिटांहून लांबला तर १०८ला फोन करा.

उलट बाजूनं मात्र वासाचा आणि फिटचा संबंध आहे. काही रुग्णांना झटक्याच्या आधी करपल्याचा किंवा सडल्याचा वास येतो, आसपास काहीही नसताना. झटका मेंदूच्या कानाजवळच्या भागातून सुरू होत असल्याची ती खूण असू शकते. असं वारंवार होत असेल तर मेंदुविकारतज्ज्ञांना जरूर सांगा.

करोनात वास का गेला? आणि परत आल्यावर काहींना सगळंच घाणेरडं का वाटतं?

विषाणूनं वासाच्या चेतापेशींवर हल्ला केला असावा असं आधी वाटलं होतं. पण २०२०मध्ये लक्षात आलं की विषाणूला चिकटायला लागणारा ग्राही त्या पेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. आधार कोसळला की चेतापेशी काम करेनाशा होतात. आधाराच्या पेशी लवकर भरून येतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. पुण्यात आयसर आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानं मिळून त्याच वर्षी वास मोजणारं उपकरण वापरलं, आणि कुठलंही लक्षण नसलेल्या बाधितांमध्येही वासातली घट दिसून आली.

ज्यांच्या चेतापेशींचं नुकसान झालं त्यांना नव्या पेशी उगवेपर्यंत थांबावं लागतं. नव्या तंतूंना कंदातला आपला गुच्छ पुन्हा शोधावा लागतो. अर्धेच जोडले गेले किंवा चुकीच्या जागी गेले तर नक्षी मोडकी उमटते आणि कॉफी, तळलेला कांदा, मटण असह्य वाटू लागतं. घरच्यांना हे नखरे वाटतात. ते नखरे नाहीत. त्या माणसाला तो वास खरोखर सडल्यासारखा येत असतो, तेव्हा जेवणाचा आग्रह करू नका. गार पदार्थांना वास कमी असतो, म्हणून दही-भात, फळं, काकडी बहुधा चालतात.

गेलेला वास परत आणायला काही करता येतं का?

हो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली वासाचा सराव मांडला आणि तो आज जगभर वापरतात. चार वास: गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वास १०-१५ सेकंद हलकेच हुंगायचा, आणि हुंगताना मनात तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. किमान १२ आठवडे. आपल्या स्वयंपाकघरात लवंग आणि लिंबू असतंच, निलगिरी तेल औषधाच्या दुकानात मिळतं, गुलाबाचं अत्तर चालेल. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, पण इजा काही नाही आणि खर्चही नाही. कंटाळून मध्येच सोडणारे मात्र फार. तेल नाकात घालायचं नाही, नुसतं हुंगायचं.

डोक्याला मार लागल्यानंतर वास का जातो?

डोकं जोरात आपटलं की मेंदू कवटीत हलतो आणि छिद्रांच्या हाडातून वर जाणारे ते बारीक तंतू कातरले जातात. हाड मोडायलाच हवं असं नाही. दुचाकीच्या अपघातात मागच्या बाजूला आपटलेल्या डोक्यालाही हे होतं. शुद्ध हरपली नाही, टाके पडले नाहीत, म्हणून घरी आलेल्या माणसाच्या दोन आठवड्यांनी लक्षात येतं की भाजीला वासच नाही. मागे बसणाऱ्यानंही हेल्मेट घालावं, याचं हे आणखी एक कारण.

वास कमी होणं हे कशाचं लक्षण असू शकतं?

सर्वांत आधी सर्दी, सायनस, नाकातले कोंब. ते कान-नाक-घसा तज्ज्ञ पाहतील, आणि त्यावर उपचार आहेत. वयाचा भागही मोठा आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऐंशीच्या पुढच्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोकांचा वास मंदावलेला होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. आजोबा भाजीत मीठ वाढवून घेऊ लागले तर सुनेच्या हाताला दोष देण्याआधी त्यांचा वास तपासा.

पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो. अल्झायमर्समध्येही तो लवकर बिघडतो. वास कमी झाला म्हणजे हे आजार आहेतच असं मुळीच नाही, पण सर्दी नसताना महिना-दीड महिना वास नसेल तर दाखवून घ्यावं. पार्किन्सन्सचा स्वतःचाही वास असतो, हे जगाला कळलं ते स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेमुळे. पतीच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांना निदानाच्या बारा वर्षं आधी जाणवलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी वापरलेले टी-शर्ट हुंगायला दिले, तेव्हा त्यांनी निरोगी गटातल्या एकालाही रुग्ण ठरवलं. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्सच निघाला.

जन्मापासून वास येत नसेल आणि वयात येण्याची लक्षणंही वेळेवर दिसत नसतील, तर कालमन सिंड्रोमचा विचार करतात. गर्भात पौगंडावस्थेचे संप्रेरक चालवणाऱ्या पेशी नाकाच्या जागेतून निघून घ्राणतंतूंच्या वाटेनं मेंदूत जातात. ती वाटच तयार झाली नाही तर दोन्ही गोष्टी एकदम अडतात. यावर चांगले उपचार आहेत, म्हणून लाजून गप्प बसू नये.

घरात कुणाला वास येत नसेल तर काय काळजी घ्यावी?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा रेणू मिसळतात. ज्याला तो कळत नाही त्याच्यासाठी ही सोय नसल्यासारखीच. वास ठीक असलेल्यांनीही एक लक्षात ठेवावं: गाढ झोपेत वास आपल्याला उठवत नाही. २००४ साली अमेरिकेत झोपलेल्या लोकांना अतिशय घाण वास देऊन पाहिला, गाढ झोपेतले जागे झाले नाहीत. आवाजानं झाले. त्यामुळे आवाज करणारं गॅसगळतीचं यंत्र बसवा, आणि ते जमिनीलगत बसवा, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. शिळ्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा, दूध आणि तेल दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगा. गळतीची शंका आली तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद करू नका, खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर बंद करून बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवा.